चालू आहे का?

एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेतल्या हेरिटेज ऑक्शन्स या लिलावघरात ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ची एक न उघडलेली कॅसेट ६ लाख ६० हजार डॉलरना गेली. जुलैत ‘लेजंड ऑफ झेल्डा’ ८ लाख ७० हजारांना गेली आणि दोनच दिवसांनी ‘सुपर मारिओ ६४’ने १५ लाख ६० हजारांचा आकडा गाठला. ऑगस्टमध्ये मारिओच्या त्या पहिल्या खेळाची आणखी एक कोरी प्रत रॅली या कंपनीमार्फत २० लाख डॉलरना विकली गेली. तेव्हाच्या दराने हे जवळजवळ पंधरा कोटी रुपये झाले. एवढ्यात मुंबईत चांगल्या वस्तीत दोन-तीन प्रशस्त फ्लॅट येतात.

हे खेळ काही दुर्मीळ नव्हेत. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’च्या चार कोटींहून जास्त प्रती जगभर खपल्या आणि ‘मारिओ ६४’च्या एक कोटीहून जास्त. नुसता खेळायचा म्हटला तर निन्टेंडोच्या आजच्या यंत्रावर वर्गणी भरून तो घरबसल्या मिळतो. त्या चार सौद्यांत पैसे मोजले गेले ते डब्यावरच्या पातळ प्लास्टिकच्या वेष्टनाचे. वाटा नावाची एक कंपनी असे डबे तपासून दहापैकी गुण देते. कोपरे दुमडलेत का, रंग उडालाय का, वेष्टन कुठे फाटलंय का, हे सगळं पाहून डबा पारदर्शक पेटीत कायमचा बंद करते. ‘मारिओ ६४’च्या त्या प्रतीला ९.८ गुण होते आणि वेष्टनाला स्वतंत्र श्रेणी होती. आतली कॅसेट चालते की नाही हे कोणी तपासलं नाही आणि तपासणं शक्यही नव्हतं. डबा उघडला की किंमत गेली.

पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी जावं. ताडपत्रीवर जुने पाने, घड्याळांची यंत्रं, रेडिओ आणि चार्जरांच्या वायरींचा गुंता पडलेला असतो. त्यात कधीमधी एखादा करड्या रंगाचा टीव्ही गेमचा सेट आणि दोन-चार पिवळ्या कॅसेट दिसतात. तिथे डब्याचे कोपरे पाहत कोणी बसत नाही, कारण डबा कधीच रद्दीत गेलेला असतो. गिऱ्हाईक सेट उचलतं, उलटसुलट करून पाहतं आणि एकच प्रश्न विचारतं : चालू आहे का?

जुन्या व्हिडिओ गेमचं मोल करायच्या या दोन तऱ्हा आहेत. पहिलीचा बोलबाला खूप झाला. मला दुसरी जास्त शहाणी वाटते.

भाव कोण ठरवतं?

संग्राहकांच्या जगात एकाच खेळाचे साधारण तीन भाव असतात : नुसती कॅसेट, डबा आणि माहितीपुस्तिकेसह पूर्ण संच, आणि न उघडलेली कोरी प्रत. पहिल्या भावापासून तिसऱ्यापर्यंत जाताना किंमत काही पटींनी, कधी शेकडो पटींनी चढते. याचं कारण साधं आहे. १९८५-९०च्या सुमारास हे खेळ मुलांसाठी घेतले जात. घरी आणल्यावर पाच मिनिटांत डबा फाटायचा आणि पुठ्ठा कचऱ्यात जायचा. उरायची ती कॅसेट. म्हणून आज पुष्कळदा रिकामा डबा आतल्या खेळापेक्षा महाग असतो.

खरी दुर्मीळताही आहे, पण तिच्यामागे बहुधा एखादी फसलेली योजना असते. १९८७ मध्ये बांदाईने अमेरिकेत ‘स्टेडियम इव्हेंट्स’ नावाचा खेळ काढला. जमिनीवर चटई अंथरायची आणि तिच्यावर धावून तो खेळायचा. निन्टेंडोने त्या चटईचे हक्क घेतले, खेळ ‘वर्ल्ड क्लास ट्रॅक मीट’ या नावाने पुन्हा बाजारात आणला आणि जुन्या नावाच्या प्रती दुकानांतून उचलल्या गेल्या. आत तोच खेळ आहे, पण जुन्या नावाचं लेबल असेल तर संग्राहक हजारो डॉलर मोजतात. १९९० मध्ये निन्टेंडोने अमेरिकेत शहरोशहरी स्पर्धा भरवल्या. त्यासाठी बनवलेल्या कॅसेटमध्ये तीन खेळांचे तुकडे होते आणि वेळ होता ६ मिनिटं २१ सेकंद. अंतिम फेरीतल्या खेळाडूंना मिळालेल्या करड्या कॅसेट ९०, आणि कंपनीच्या मासिकातल्या स्पर्धेतून वाटलेल्या सोनेरी फक्त २६. या दोन आकड्यांवर आख्खी दंतकथा उभी आहे.

कधी कधी नुसती हकीकतच विकली जाते. स्पीलबर्गच्या चित्रपटावरून अटारीने १९८२ मध्ये ‘ई.टी.’ हा खेळ काढला. हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ यांना तो बनवायला जेमतेम पाच आठवडे मिळाले होते. खेळ आपटला, पाठोपाठ अमेरिकेतला सगळा व्हिडिओ गेम उद्योगच कोसळला आणि १९८३ च्या सप्टेंबरात अटारीने न खपलेला माल न्यू मेक्सिकोतल्या आलामोगोर्डो गावच्या कचराडेपोत पुरला. तीस वर्षं ही गोष्ट खरी की अफवा यावर वाद चालू होता. एप्रिल २०१४ मध्ये खोदकाम झालं आणि चेपलेल्या, घाणीने माखलेल्या शेकडो कॅसेट बाहेर निघाल्या. गावाने त्या दाखल्यासह विकल्या आणि एकूण लाखभर डॉलर मिळवले. एक कॅसेट वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात गेली. ‘ई.टी.’ची स्वच्छ, चालू कॅसेट तेव्हाही थोडक्या डॉलरना मिळत होती. उकिरड्यातली महाग ठरली, कारण तिच्यासोबत कागद होता.

अशा बाजारात हितसंबंधांचा गुंता व्हायला वेळ लागत नाही. २०१९ च्या फेब्रुवारीत मारिओची एक कोरी प्रत १ लाख १५० डॉलरना गेली, तेव्हा ती घेणाऱ्या तिघांत हेरिटेजचे सहसंस्थापक जिम हाल्परिन होते. पुढे भाव भराभर चढले. श्रेणी देणारे आणि लिलाव करणारे मिळून बाजार फुगवतात, असे आरोप २०२१ मध्ये जाहीरपणे झाले. २०२२ मध्ये वाटाविरुद्ध ग्राहकांच्या वतीने अमेरिकेत दावा दाखल झाला. कंपनीने आरोप फेटाळले. निकाल काहीही लागो, खरेदीदाराने घ्यायचा धडा जुनाच आहे. वस्तू दुर्मीळ आहे हे सांगणाराच ती विकायला बसला असेल, तर हात खिशातच ठेवावा.

आपल्याकडे काय आलं?

या सगळ्या भावांच्या याद्या अमेरिका, जपान आणि युरोपच्या. आपल्याकडच्या माळ्यावर सापडणारा माल त्यांत सहसा नसतो, कारण अस्सल निन्टेंडो आपल्याकडे फारसा आलाच नाही. मोठ्या शहरांत ‘समुराई’ या नावाने परवान्याचा सेट मिळायचा. सेगाने १९९५ मध्ये शॉ वॉलेसशी करार करून मेगा ड्राइव्ह भारतात आणला, कारण परदेशी यंत्रावर ८० टक्के आयातकर होता. एवढं करूनही किंमत ठेवली १८ हजार रुपये. त्या काळात एवढ्या पैशांत घरात चांगला रंगीत टीव्ही येई. मध्यमवर्गीय बापाने कोणती वस्तू निवडली असेल ते सांगायला नको.

ही पोकळी भरून काढली तैवान-चीनकडून आलेल्या नकलांनी. निन्टेंडोचं मूळ जपानी यंत्र ‘फॅमिली कॉम्प्युटर’ ऊर्फ फॅमिकॉम १५ जुलै १९८३ ला बाजारात आलं. त्यात कॅसेट अस्सल आहे का हे ओळखणारी कुलपाची चिप नव्हती. अमेरिकेत यंत्र नेताना निन्टेंडोने ती चिप बसवली, कॅसेटचा आकार बदलला आणि पिना साठाच्या बहात्तर केल्या. तोवर उशीर झाला होता. तैवानच्या युनायटेड मायक्रोइलेक्ट्रॉनिक्सने मूळ चिपांच्या बरहुकूम चिपा बनवल्या आणि साठ पिनांचं ते जपानी घराणं जगभर पसरलं. रशियात त्याला डेंडी म्हणत, पोलंडमध्ये पेगासस. आपल्याकडे त्यावर मीडिया, टर्मिनेटर, लिटल मास्टर अशी नाना नावं होती. नाव नसलं तरी कुणाचं अडत नसे. दुकानात ‘टीव्ही गेम’ म्हटलं की पुरे. लॅमिंग्टन रोड, मनीष मार्केट, पुण्यातली तापकीर गल्ली, आणि गावोगावच्या जत्रेतले स्टॉल ही त्याची ठिकाणं.

नक्कल म्हणून नाक मुरडण्याआधी या यंत्रांत काय आहे ते नीट पाहायला हवं. जपान-अमेरिकेत टीव्हीवर चित्र सेकंदाला साठदा उमटायचं, आपल्याकडे पन्नासदा. यातल्या पाल (PAL) पद्धतीच्या टीव्हीसाठी बनवलेल्या चिपांवर खेळाची प्रत्येक हालचाल त्या पन्नासच्या तालावर होते. म्हणजे खेळ सुमारे सहाव्या हिश्शाने संथ. मारिओ आपल्याकडे मूळच्यापेक्षा थोडा सावकाश धावला, त्याचं संगीतही सावकाश वाजलं. आज तोच खेळ मोबाइलवर मूळ वेगाने लावला की नव्वदच्या दशकातल्या पोराला तो घाईत असल्यासारखा वाटतो. चूक त्याच्या आठवणीची नाही. ज्या यंत्रावर तो वाढला त्या यंत्राचा वेगच तो होता.

कॅसेटचीही तीच गोष्ट. ‘९९९९ इन १’ असं लेबल असलेली एखादी पिवळी कॅसेट उघडून बघा. पाठीमागचा एक स्क्रू काढला किंवा कडेने नख घातलं की दोन फाकी होतात. आत बोटभर रुंदीची हिरवी पट्टी, खाली साठ पिनांचे पट्टे आणि मध्ये काळ्या लाखेसारखा एक-दोन थेंब. त्या थेंबाखाली उघडी चिप थेट पट्टीवर चिकटवलेली असते. चिपेवर कंपनीचं नाव नाही, क्रमांक नाही, साल नाही. बाकी सगळी पोकळ हवा.

खेळ किती? यादी पानांमागून पानं चालते, पण मूळ खेळ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके किंवा फार तर काही डझन. तोच ‘रोड फायटर’ वेगवेगळ्या टप्प्यांवरून सुरू होणारा, तोच मारिओ पाण्यातून सुरू होणारा, तोच ‘कॉन्ट्रा’ तीस जीव आधीच दिलेला. सुरुवातीच्या पडद्यावरून कोनामीचं, नामकोचं, निन्टेंडोचं नाव खरवडून टाकलेलं. ‘अ‍ॅडव्हेंचर आयलंड’चा गोलमटोल टोपीवाला आणि ‘बॅटल सिटी’चे रणगाडे आपल्याला माहीत झाले ते अशा बेनामी यादीतून. त्यांचे कर्ते कोण हे आपल्याला कधी कळलंच नाही.

हे फेरफार चोरीचेच होते. कायद्याने आणि नीतीनेही. पण ते कुणीतरी, कुठल्यातरी कारखान्यात बसून केले आणि आपल्याकडची एक पिढी त्यांच्यावर वाढली. मूळ मारिओच्या प्रती जगभरच्या संग्रहालयांत आहेत. नाव खरवडलेल्या, तीस जीवांच्या, वेगळ्या यादीच्या या आवृत्त्या मात्र कुठल्या कारखान्याने, कधी, किती काढल्या याची नोंद नाही. त्यांना कोणी श्रेणी देत नाही, म्हणून त्या कोणी जपत नाही. भंगारवाला किलोवर नेतो.

घरातला दवाखाना

जपायचं म्हणजे काय करायचं? आधी फुंकरीबद्दल. गेम अडकला की कॅसेट काढायची, पिनांवर जोरात फुंकायचं आणि पुन्हा लावायची, हा आपल्या आख्ख्या पिढीचा मंत्र. फुंकरीने काही होत नसे. काम व्हायचं ते कॅसेट काढून पुन्हा घातल्यामुळे, कारण त्या घासण्याने पिनांवरचा थर किंचित निघायचा आणि जोड बसायचा. तोंडातली वाफ आणि थुंकी मात्र तांब्यावर राहायची आणि वर्षांनुवर्षं गंज चढवायची. अमेरिकेतल्या यंत्रात हा छळ जास्त होता. तिथे कॅसेट आत सरकवून खाली दाबायची रचना होती. तिचा जोड लवकर सैल पडे आणि कुलपाच्या चिपेला कॅसेट ओळखता आली नाही की लाल दिवा उघडझाप करत बसे. आपल्या वरून खुपसायच्या सेटना एवढा त्रास नव्हता.

योग्य उपाय स्वस्त आहे. ९० टक्क्यांहून जास्त शुद्धतेचं आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्यावं. इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात ते आयपीए या नावाने मिळतं. कानकोरणीच्या कापसावर थेंबभर घेऊन पिनांवर उभ्या दिशेने फिरवावं. कापूस काळा पडतो. तो पांढरा निघेपर्यंत कापूस बदलत राहावं, मग पट्टी पूर्ण वाळू द्यावी. पेट्रोल आणि थिनर प्लास्टिक खातात. पॉलिशपेपरने पिनांवरचा मुलामाच उतरतो, तेव्हा त्याला हात लावू नये. खोडरबर अगदी नाइलाजाने, हलक्या हाताने.

दुसरं दुखणं खोल आहे. ‘लेजंड ऑफ झेल्डा’सारख्या लांबलचक खेळात आज अर्धवट सोडलेला डाव उद्या पुढे चालू ठेवायचा असतो. १९८७ च्या अमेरिकी कॅसेटमध्ये त्यासाठी आत एक स्मृतीची चिप आणि तिला जागं ठेवणारा नाण्याएवढा लिथियम सेल आहे. यंत्र बंद असलं तरी हा सेल थेंबाथेंबाने वीज देत राहतो. पंधरा-वीस वर्षं, कधी त्याहून जास्त. मग एक दिवस कॅसेट लावली की डाव कोरा. ‘पोकेमॉन गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’मध्ये तर आत घड्याळही चालतं, त्यामुळे त्यांचे सेल लवकर संपतात.

हा सेल बदलता येतो, पण घाई नडते. जुना सेल निघाला की चिपेतला डाव गेलाच. म्हणून आधी कॅसेट वाचणाऱ्या छोट्या उपकरणाने तो डाव संगणकावर उतरवून घ्यावा. मग खास पेचकसाने डबी उघडायची. निन्टेंडोच्या स्क्रूला सहा खाचांचं डोकं असतं, कॅसेटसाठी ३.८ मिलिमीटरचं आणि यंत्रासाठी ४.५ मिलिमीटरचं टोक लागतं. सेलच्या दोन्ही बाजूंना पत्र्याच्या जिभा असतात. डाक काढायचा तो त्या जिभांच्या टोकाचा. थेट सेलवर सोल्डरिंग आयर्न टेकवलं तर तो फुटू शकतो. नवा सेलही जिभांसकटच आणावा आणि अधिक-उणे नीट पाहून लावावा. चिकटपट्टीने बांधलेला सेल आठवडाभर चालतो आणि मग निसटतो.

आता त्या लिलावातल्या झेल्डाकडे वळू. ८ लाख ७० हजार डॉलरच्या त्या बंद डब्यातही असाच सेल आहे. कुणीही न खेळलेल्या चिपेला तो १९८७ पासून वीज पुरवतोय. तो संपेल. कदाचित संपलाही असेल आणि उद्या पाझरायलाही लागेल. बदलायचा तर वेष्टन फाडावं लागणार, आणि वेष्टन हीच तर सगळी किंमत. बाहेरून ज्या वस्तूला जवळजवळ पैकीच्या पैकी गुण, तिची आतली प्रकृती पाहायची सोयच त्या पद्धतीने ठेवलेली नाही.

यंत्रांचे आजार वेगळे. सेगाचं १९९० चं ‘गेम गिअर’ हातातलं यंत्र घ्या. त्यातले कपॅसिटर पाझरतात, आवाज बारीक होतो, पडदा फिका पडतो आणि पाझरलेलं रसायन हळूहळू खालचे तांब्याचे मार्ग खातं. न वापरता कपाटात ठेवलेल्या यंत्रालाही हे चुकत नाही. करड्या प्लास्टिकचं पिवळं पडणं हा त्या मानाने किरकोळ आजार. आगीपासून बचावासाठी प्लास्टिकमध्ये ब्रोमीनयुक्त रसायनं घालत. ऊन आणि उष्णतेने त्यांचा रंग बदलतो. हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवलं की मूळ रंग परततो, अशी युक्ती २००८ च्या सुमारास हौशी लोकांनी शोधली. पण रंग एकसारखा न येता ढगाळ डाग पडतात आणि पिवळेपणा पुन्हा येऊ शकतो. माझ्या मते तो राहू द्यावा. चाळीस वर्षांच्या वस्तूने चाळिशीतलं दिसायला हरकत नाही.

कोकणात, मुंबईत खरा शत्रू पावसाळा. जुलै-ऑगस्टमध्ये लेबलाच्या कागदावर बुरशी धरते आणि सीडीच्या पुस्तिका एकमेकींना चिकटतात. माळा, पत्र्याखालची खोली, भिंतीला टेकलेलं लोखंडी कपाट या जागा वाईट. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात आणि त्या अधूनमधून वाळवाव्यात. यंत्राची ऊब झुरळांना फार आवडते, त्यामुळे घ्यायच्या आधी सेट हलवून बघायला लाजू नये. शिवाय महिन्या-दोन महिन्यांनी प्रत्येक यंत्र अर्धा तास चालवावं. चालवल्यावरच कळतं काय बिघडायला लागलंय.

सर्वांत जास्त यंत्रं मरतात ती मात्र आपल्याच हातून, विजेमुळे. जपानात नोकरीला असलेला भाचा हौसेने अस्सल फॅमिकॉम घेऊन येतो. त्याचा अडॅप्टर १०० व्होल्टचा. आपल्या २३० च्या सॉकेटमध्ये घातला की क्षणात धूर. दुसरा धोका लपलेला आहे. फॅमिकॉमच्या आणि तशा बऱ्याच नकली सेटच्या अडॅप्टरच्या पिनेत मध्ये उणे आणि बाहेर अधिक असतं, तर बाजारातले साधे अडॅप्टर बहुतेक उलटे. पीन बसली म्हणजे जमलं, असं होत नाही. सेटच्या बुडावरची खूण पाहावी, मल्टिमीटर लावावा, मग बटण दाबावं.

घेतानाही डोळे उघडे हवेत. ‘पोकेमॉन’च्या गेम बॉय अ‍ॅडव्हान्स कॅसेटच्या नकला सर्रास अस्सल म्हणून विकल्या जातात. अस्सल लेबलावर बारीक दाबून उमटवलेले अंक तिरक्या प्रकाशात दिसतात, स्क्रूला तीन पात्यांची खाच असते आणि पिनांच्या वर पट्टीवर निन्टेंडोचं नाव छापलेलं डोकावतं. विकणारा समोरून फोटो देतो आणि खालच्या कडेचा द्यायला टाळतो, तेव्हा समजून जावं.

काचेचा टीव्ही

यंत्र आणि कॅसेट सांभाळली, तरी एक तिसरी वस्तू हातची सुटतेय. जुना, पोट पुढे आलेला टीव्ही. ‘डक हंट’ची बंदूक आठवून पाहा. अनेकांना वाटतं बंदुकीतून काहीतरी टीव्हीकडे जातं. उलट आहे. बंदुकीच्या नळीत प्रकाश ओळखणारा डोळा आहे. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो आणि लगेच बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. नळीने काळोखानंतर उजेड पाहिला तर बदक पडलं. हे सगळं सेकंदाच्या किरकोळ अंशात घडतं. जुन्या टीव्हीत किरण ओळीओळीने पडदा रंगवतो आणि चित्र विनाविलंब उमटतं, म्हणून हा हिशेब जुळतो. आजचा सपाट टीव्ही आलेलं चित्र आधी पचवतो, मग उशिराने दाखवतो. बंदूक तेवढ्यात नापास. अस्सल सेट, अस्सल बंदूक, अस्सल कॅसेट असूनही ‘डक हंट’ त्या टीव्हीवर मेलेला.

आणि हे टीव्ही आपण घराघरांतून हाकलले. ओनिडा, बीपीएल, व्हिडिओकॉन भंगारात गेले. ज्या व्हिडिओकॉनने २००५ मध्ये फ्रान्सच्या थॉमसनचा पिक्चर ट्यूबचा उद्योग विकत घेतला, तिचा मोठा कारखाना औरंगाबादजवळ चितेगावला होता. आता नवी ट्यूब कुठून आणणार? ज्याच्याकडे चालू काचेचा टीव्ही आहे त्याने तो फेकू नये, आणि हौसेपोटी उघडूही नये. बंद केल्यावरही ट्यूबमध्ये जीवघेणा विद्युतभार शिल्लक राहू शकतो. ते काम जुन्या टीव्ही मेकॅनिकचं. तो मेकॅनिकही आता शोधावाच लागतो.

ठेवायचं कुठे, ठेवणार कोण?

अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. २०१० पूर्वी अमेरिकेत निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज बाजारात रीतसर मिळत नाहीत, असं त्यात दिसलं. ग्रंथालयांना जुने खेळ संशोधकांना दुरून पाहू देण्याची सवलत मिळावी, ही मागणी तिथल्या कॉपीराइट कार्यालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये फेटाळली. तरी अमेरिकेत रोचेस्टरचं स्ट्राँग संग्रहालय आहे, बर्लिनला १९९७ पासून संगणक खेळांचं संग्रहालय आहे आणि क्योटोजवळ उजीला निन्टेंडोने २०२४ मध्ये स्वतःचं उघडलं.

आपल्याकडे जपणुकीचा वाईट नमुना आणि चांगला नमुना, दोन्ही घरचेच आहेत. पहिला बोलपट ‘आलम आरा’ १९३१ चा. त्याची एकही प्रत उरली नाही. फिल्म अर्काइव्ह पुण्यात स्थापन झालं १९६४ मध्ये, म्हणजे तोवर बरंच हातचं गेलेलं होतं. खेळांच्या बाबतीत आपण त्याच मधल्या काळात आहोत. विशाल गोंडल यांनी १९९९ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या इंडियागेम्सने बटणांच्या मोबाइलसाठी ढीगभर खेळ काढले. कंपनी पुढे डिस्नेकडे गेली. त्या खेळांना ना कॅसेट ना डबा. ते फोनसोबतच संपले. सोनीने २००९ मध्ये प्लेस्टेशन २ साठी ‘देसी अड्डा’ काढला. त्यात कबड्डी, विटीदांडू, पतंग होते. त्याची चकती सरळ पेटीत, उभी, बोटांचे ठसे न लावता ठेवलेली असेल तर ती आज जपण्याजोगी वस्तू आहे, मग बाहेरच्या भाव-यादीत ती कुठेही असो.

चांगला नमुना दिनकर केळकरांचा. त्यांनी अडकित्ते, दिवे, दौती, फण्या, भांडी गोळा केली, तेव्हा त्या वस्तूंना कोणी संग्रह म्हणत नव्हतं. मोडीत निघालेल्या गोष्टी त्या. केळकरांनी त्यांची किंमत लिलावाच्या हातोड्यावर सोडली नाही. वस्तू कुठल्या घरातली, कशासाठी वापरायचे, हे त्यांना पुरे होतं. आज राजा केळकर संग्रहालयात लोक तिकीट काढून अडकित्ते बघतात.

टीव्ही गेमसाठी हेच करावं लागेल आणि ते व्यक्तींनाच करावं लागेल. घरात सेट असेल तर त्याचे चारही बाजूंनी आणि उघडून आतले फोटो काढावेत, चिपांवर क्रमांक असेल तर तो टिपावा. कॅसेटच्या यादीचं प्रत्येक पान टीव्हीवर लावून टिपून घ्यावं. कुठल्या गावात, कुठल्या दुकानात, केवढ्याला आणि कुणी घेतला हे आईवडिलांना विचारून लिहावं. त्यांच्यानंतर हे सांगणारं कोणी नाही. आपल्याकडच्या रीतसर घेतलेल्या प्रतीचा सुरक्षेपुरता बॅकअप घ्यायला भारतीय कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये वाव आहे. बेनामी कॅसेट मात्र त्या सवलतीत बसत नाहीत. तिथे मार्ग कायदेतज्ज्ञांनी आणि संग्रहालयांनी काढायला हवा, आणि तो काढताना काळा थेंब असलेल्या चिपा थांबणार नाहीत याची आठवण ठेवायला हवी.

हौसेसाठी घेत असाल तर खिसा बघून घ्या, डब्याच्या मोहात पडू नका, आणि घेतलेलं पोरांना खेळू द्या. एखादं बटण झिजेल, एखाद्या पिनेवर ओरखडा येईल. बटणाखालची रबरी पट्टी शंभर-दोनशे रुपयांत बदलून मिळते. ‘कॉन्ट्रा’त दोघांनी मिळून एकाच वेळी उडी कशी मारायची, हे मात्र पेटीत बंद करून पुढच्या पिढीला देता येत नाही. त्यासाठी दोन रिमोट लागतात आणि शेजारी बसलेलं माणूस लागतं.